जिवंत बघितलेलं बकरं

आखाडाच्या कार्यक्रमानंतर एका ताईंचा आम्हाला फोन आला. पाहुणे येणार म्हणून त्यांनी दोन किलो मटण आणलं, पाहुणे आलेच नाहीत, आणि शिजवलेलं निम्मं पातेलं रात्रभर ओट्यावर राहिलं. सकाळी टाकायला जीव होईना. पोरांना द्यावं का? आम्ही "देऊ नका" म्हणालो, पण तो प्रश्न गटाच्या बैठकीत परत निघाला. तेव्हा आमच्या गटातल्या एक सत्तरीच्या आत्या म्हणाल्या, "आमच्या वेळी हा प्रश्नच नव्हता. मटण उरायचंच नाही."

सगळ्या हसल्या. पण नंतर आम्ही जुन्या बायकांना विचारत गेलो, थोडं वाचलंही, आणि लक्षात आलं की आत्या गरिबीबद्दल बोलत होत्या तशा एका रीतीबद्दलही बोलत होत्या. फ्रीज नाही, बर्फ नाही, डॉक्टर पंधरा कोसांवर, आणि तरी माणदेशातल्या माणसांनी शेकडो वर्षं मेंढरू खाल्लं. ते कसं, हे आज सांगायचंय.

आधी शब्दाचा गोंधळ सोडवू. 'मटण' हा इंग्रजीतून आलेला शब्द, आणि त्या भाषेत त्याचा अर्थ मेंढीचं मांस एवढाच. आपण तो शेळी-बोकडालाही लावला. आमच्याकडं धनगरवाड्यावर 'बकरं' म्हटलं की मेंढरूच समजतात, आणि शेळीचा नर तो बोकड. आज आम्ही बकरं म्हणू तेव्हा तसंच समजा.

एक जिवंत वीस-पंचवीस किलोचं बकरं कापलं तर साधारण निम्मं मांस निघतं, म्हणजे दहा-बारा किलो. एका घराला ते संपणार नाही. म्हणून एकट्या घरानं बकरं कापायचंच नाही. धुळवडीला, बेंदराच्या करीला पंधरा-वीस घरं मिळून एक बकरं घ्यायची आणि त्याचे वाटे घालायचे. पळसाच्या पानांवर सारखे ढीग मांडायचे. प्रत्येक ढिगात थोडं मांडीचं, थोडं बरगडीचं, कलेजीचा एक तुकडा, चरबीचा एक तुकडा. कुणाचा वाटा कुठला, यावरून भांडण नको म्हणून एखाद्या पोराला पाठमोरं उभं करून नावं घ्यायला लावायची. पैसे सुगीला, नाहीतर धान्यात. सकाळी कापलेलं दुपारपर्यंत घरोघर पोचलेलं, संध्याकाळी शिजलेलं आणि रात्री संपलेलं असायचं. मांस बारा तासांच्या वर राहतच नसे. वाट्याला आपण काटकसरीची रीत समजतो. आम्हाला विचाराल तर तो आमच्या आज्यांचा फ्रीज होता.

कंदुरीचंही तसंच. पीराला किंवा देवाला बोललेलं बकरं जागेवरच शिजवायचं, गावाला जेवू घालायचं. कंदुरी हा शब्द फारसी आहे. तिकडं त्याचा अर्थ जेवणासाठी अंथरायचं कापड, आणि बीबी फातिमांच्या नावानं घातलेलं जेवण. ते कापड दख्खनेत आलं आणि आमच्या मराठी, धनगर, मातंग सगळ्या घरांच्या नवसात जाऊन बसलं. पुष्कळ ठिकाणी कंदुरीचं उरलेलं घरी न्यायचं नाही, तिथंच संपवायचं, अशी रीत. देव कोपतो म्हणून. देवाचं आम्हाला माहीत नाही, पण चैत्र-वैशाखाच्या उन्हात फडक्यात बांधून दहा मैल चालवलेलं मटण नक्की कोपलं असतं.

आता मुख्य माणूस. जुन्या गावगाड्यात सुतार, लोहार, कुंभार, न्हावी यांच्यासारखा मुलाणी हाही बलुतेदार होता. मशिदीची, पीराची सेवा करणं हे त्याचं एक काम, आणि गावात बकरं कापायचं ते त्याच्या हातानं, हे दुसरं. घर हिंदू असो, देव खंडोबा असो की म्हस्कोबा, सुरी मुलाण्याची. त्याबद्दल सुगीला बलुतं आणि बकऱ्यामागं ठरलेला वाटा. सगळीकडं असंच होतं असं नाही. काही देवांपुढं घरचाच माणूस कापायचा, काही ठिकाणी गुरव-पुजारी सांगेल तसं. पण आमच्या भागात म्हातारी माणसं अजून सांगतात, मुलाण्यानं हात लावल्याशिवाय आम्ही ताट पुढं घेत नव्हतो.

याच्यात धर्म होता, पण नुसता धर्म नव्हता. मुलाण्याच्या धर्मात मेलेलं जनावर खाणं वर्ज्य. त्यामुळं त्याच्या सुरीखाली येणारं जनावर जिवंत असणं भागच होतं, आणि ते जिवंत आहे हे तो चारचौघांत बघायचा. आधी पाणी पाजायचं. सुरी धारदार हवी. रक्त पूर्ण वाहून जाऊ द्यायचं. ज्या माणसानं आयुष्यभर हजार बकरी हाताखालून घातली, त्याला डोळा मलूल आहे की चमकतो, नाकाला शेंबूड आहे का, पोट फुगलंय का, कातडी सोलल्यावर कलेजी साफ आहे की गाठी आहेत, हे पुस्तक न वाचता कळायचं. गावाचा मांस-तपासनीस तोच. त्याला तसं नाव कुणी दिलं नाही, पगारही दिला नाही.

देवापुढं बकऱ्याच्या अंगावर पाणी शिंपडायचं आणि ते अंग झाडेपर्यंत थांबायचं, ही रीत तुम्ही बघितली असेल. अंग झाडलं की देवानं मान्य केलं. नाही झाडलं तर लोक हात जोडून, मनधरणी करून थांबतात. आमचा आपला अंदाज आहे, पटला तर घ्या: आजारी, ताप आलेलं मेंढरू पाणी पडलं तरी मान खाली घालून उभं राहतं. अंग झाडणारं जनावर बहुधा ठणठणीत असतं. देवाचा कौल म्हणा की तपासणी म्हणा.

ही शहाणीव फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात कत्तलखान्यावर देखरेख करणारा सूनाध्यक्ष नावाचा अधिकारी आहे. डोकं, पाय, हाडं नसलेलं, वास मारणारं आणि आपोआप मेलेल्या जनावराचं मांस विकायचं नाही, विकलं तर बारा पण दंड, असा नियम तिथं आहे. डोकं-पाय का हवेत? जनावर कुठलं, केवढं, ते लपवता येऊ नये म्हणून असावं. आजही खाटिक बकरं टांगताना शेपूट ठेवतो, ते गिऱ्हाइकाला ओळख पटावी म्हणूनच. चरकसंहितेतही कुठलं मांस टाकावं याची यादी आहे. आपोआप मेलेलं, फार रोडावलेलं, फार चरबीचं, म्हातारं, अगदी लहान पिल्लू, विषानं मेलेलं, सापानं किंवा वाघानं मारलेलं, आणि आपल्या रानात न चरलेलं. मेंढीचं मांस पचायला जड, शेळीचं त्यामानानं हलकं, हेही चरकात आहे. बाळंतिणीला पायाचा रस्सा देताना आपली आजी बोकडच का मागायची, त्याचं मूळ कदाचित इथं असेल.

पण मैत्रिणींनो, इथं थांबून गोडगोड बोललं तर ते खोटं होईल. मेलेलं खाऊ नये, हा नियम ज्याला निवड होती त्याच्यासाठी होता. ज्याला निवड नव्हती त्याच्यावर त्याच गावगाड्यानं पडलेली गुरं ओढायची आणि त्यांचंच मांस खाऊन राहायची वेळ आणली, वर त्याच खाण्यावरून त्याला बाटगा ठरवलं. उन्हात वाळवलेल्या मांसाच्या चान्या हे त्या घरांचं पावसाळ्यातलं धान्य होतं. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' या पुस्तकात त्या खाण्याचं सगळं जग लिहून ठेवलंय, जरूर वाचा. १९२७ च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस सोडा असं सांगितलं. त्यात आरोग्याचं होतं, त्याहून जास्त मानाचं होतं. पोट मारून तो निर्णय घरात पाळला तो चुलीपुढच्या बायकांनी. चान्या नाहीत तर पावसात काय शिजवायचं, हा प्रश्न सभेतल्या पुरुषांच्या आधी त्यांच्यापुढं उभा राहिला असणार. आमच्या गटात त्या घरांच्या नातसुना आहेत. एकीची आजी सांगायची, पहिला पावसाळा नुसत्या मिठाच्या भाकरीवर काढला.

ही गोष्ट आम्हाला एवढी लागते, कारण तो प्रश्न आमच्याही दारात आला.

चार वर्षांपूर्वी आमच्या गटानं एका ताईंना पाच मेंढरांसाठी कर्ज दिलं. पहिला पाऊस झाला, कोवळं गवत उगवलं, मेंढरं त्याच्यावर तुटून पडली आणि दोन रात्रीतून मेली. पोटं फुगलेली. आंत्रविषार असणार, असं पशुवैद्यक म्हणाले. पावसाळ्याआधी लस टोचायला हवी होती, ती राहिली होती. विमाही काढला नव्हता, कानाला बिल्ला नव्हता. चूक आमचीही होती, कर्ज देताना आम्ही हे विचारायला हवं होतं. सकाळी सात वाजता एक जण मोटारसायकलवर आला. दोन्हींचे मिळून बऱ्यापैकी पैसे देतो म्हणाला. "रात्रीच कापली म्हणून सांगू, कोण बघतंय?" ताईंच्या डोळ्यापुढं हप्ता होता. त्या आमच्याकडं बघत राहिल्या.

आम्ही अकरा जणी तिथं अंगणात बसलो. एक जण म्हणाली, देऊन टाका, शहरातले हॉटेलवाले तिखट घालून कुणालाही कळू देत नाहीत. दुसरी म्हणाली, माझा पोरगा त्याच शहरात मेसमध्ये जेवतो. मग बराच वेळ कुणी बोललं नाही. शेवटी दोन्ही मेंढरं खोल खड्ड्यात चुना टाकून पुरली. ताईंचे तीन हप्ते पुढं ढकलले, आणि त्या तीन महिन्यांची तूट प्रत्येकीनं थोडी थोडी भरली. हे सगळ्यांना गोड लागलं नाही. एका बाईंनी पुढच्या महिन्यात गट सोडला, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं होतं असं आम्ही आजही म्हणणार नाही. त्यांच्याकडं ते पैसे खरोखर नव्हते.

त्या दिवशी आम्ही प्रोसिडिंगमध्ये ठराव लिहिला. मेलेलं मेंढरू, शेळी विकायची नाही, खायची नाही, आणि मेलेलं कापून बघायचंही नाही. हे शेवटचं का? फाशी नावाचा रोग असतो, डॉक्टर त्याला अँथ्रॅक्स म्हणतात. जनावर अचानक मरतं, नाकातोंडातून, मागून काळपट रक्त येतं, ते गोठत नाही. असं जनावर उघडलं की त्यातले जंतू हवा लागून टणक कवच धरतात आणि त्या मातीत कित्येक वर्षं जिवंत राहतात. कापणाऱ्याच्या हातावर काळी पुळी उठते, आणि मांस खाणाऱ्याच्या पोटात गेलं तर जीव जातो. तिखटानं काही होत नाही. सरळ पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं.

दुसरं कलम कुत्र्यांबद्दल आहे, आणि त्याच्यासाठी तुम्हाला जरा लांब न्यावं लागेल. पशुपालन प्रशिक्षणात डॉक्टरांनी ही गोष्ट सांगितली, मग आम्ही ती वाचून काढली. आइसलँड नावाचा एक थंड देश आहे, युरोपच्या वर समुद्रात. तिथं शेती अशी पिकत नाही, सगळं जगणं मेंढरांवर आणि माशांवर. प्रत्येक घरी मेंढरं राखायला कुत्री, आणि हिवाळ्यात कुत्री, माणसं एकाच छपराखाली. दीडशे वर्षांपूर्वी तिथल्या माणसांच्या पोटात पाण्याच्या गाठी व्हायच्या, लिंबाएवढ्या, नारळाएवढ्या. कलेजीत, फुप्फुसात. दुनियेत कुठं नसेल इतका तो रोग तिथं होता. १८६३ मध्ये डेन्मार्कचे हाराल्ड क्राब्बे तिथं गेले. त्यांनी शंभर कुत्री तपासली, त्यातल्या अठ्ठावीस कुत्र्यांच्या आतड्यात एक बारीक कृमी सापडला, तांदळाच्या दाण्याएवढा. तो कृमी आणि माणसाच्या पोटातली गाठ हे एकाच जिवाचे दोन जन्म. मेंढरू कापलं, त्याच्या गाठ आलेल्या कलेजीचा तुकडा कुत्र्याला टाकला, की कुत्र्याच्या पोटात कृमी होतो. त्याची अंडी विष्ठेतून गवतावर, पाण्यात, त्याच्या स्वतःच्या केसांवर. तिथून मेंढराच्या पोटात, आणि कुत्र्याला कुरवाळून तसाच हात तोंडात घालणाऱ्या पोराच्याही पोटात. म्हणजे रोग मटण खाऊन होत नाही, कुत्र्याला कच्चं टाकल्यानं होतो.

क्राब्बेंनी एक लहान पुस्तिका लिहिली. १८६४ मध्ये ती तिथल्या लोकांच्या भाषेत छापून घरोघर फुकट वाटली. सांगणं एवढंच: कापल्यावरचं खराब काळीज, फुप्फुस जाळा किंवा पुरा, कुत्र्याच्या तोंडी लागू देऊ नका. त्या देशात हिवाळ्याच्या रात्री घरातली माणसं लोकर पिंजत, विणत बसायची आणि एक जण मोठ्यानं वाचायचा. कल्पना करा, म्हणजे त्यांचा आपल्यासारखाच रेडिओ. नंतर १८६९ आणि १८९० मध्ये कुत्र्यांबद्दल कायदेही झाले. पण त्या पुस्तिकेनंतर जन्मलेल्या पिढीतच रोग उतरायला लागला, आणि पुढं तो त्या देशातून गेला. औषध नव्हतं, नुसतं समजलं होतं.

आपल्याकडं हा रोग गेलेला नाही. हायडॅटिड म्हणतात, मोठ्या दवाखान्यात ऑपरेशन करून गाठ काढतात. आता आपली जत्रा आठवा. बकरं सोलतात तिथं कुत्र्यांची रांग लागलेली असते आणि गाठीची कलेजी पहिल्यांदा त्यांच्याकडंच भिरकावली जाते. मुकं जनावर, पुण्य लागतं, असं म्हणून. आम्ही ठराव केला की कापायच्या जागेजवळ आधी खड्डा खणायचा. कुत्र्याला द्यायचंच तर उकळून द्यायचं, आणि राखणीच्या कुत्र्याला जंताची गोळी.

आता ताईंच्या पातेल्याकडं येऊ. मटण शिजवलं म्हणजे सगळे जंतू मेले असं आपल्याला वाटतं. पण काही जंतूंचं बीज उकळूनही टिकतं. पातेलं मोठं असलं की ते सावकाश निवतं, मध्यभागी तासन् तास कोमट राहतं, आणि त्या कोमटपणात ते बीज उगवून वाढतं. कंदुरीच्या जेवणानंतर रात्री सगळ्या वस्तीचं पोट दुखून जुलाब होतात, त्याचं हे एक कारण. म्हणून शिजवलेलं दोन तासांच्या आत संपवायचं. उरलं तर पसरट भांड्यांत काढून लवकर निववायचं आणि मग फ्रीजमध्ये. परत खाताना नुसतं कोमट करायचं नाही, रटरटून उकळी आणायची. आमच्याकडं रात्रभर वीज जाते तेव्हा फ्रीज म्हणजे नुसतं कपाट, हे लक्षात ठेवा. कच्चं मटण झाकणाच्या डब्यात, सगळ्यात खालच्या कप्प्यात, म्हणजे त्याचं पाणी दह्यावर, कोथिंबिरीवर गळणार नाही. ज्या विळीवर मटण चिरलं तिच्यावर न धुता कांदा चिरायचा नाही. निखाऱ्यावर अर्धवट भाजलेली कलेजी पुरुषमंडळी आवडीनं खातात, तो त्यांचा प्रश्न, पण पोटुशी बाईनं तिला हात लावू नये. कच्च्या मांसातला एक जंतू पोटातल्या बाळाला आंधळं करू शकतो.

आणि वाटा बायकांचाही असू दे, हे आम्ही बैठकीत दरवेळी बोलतो. कंदुरीत पातेल्याजवळ पुरुष, भाकरीच्या थापीजवळ आम्ही. पंगती उठता उठता दोन वाजतात, तोवर तळाशी रस्सा आणि हाडं. उशिराचं, निवलेलं, ढवळलेलं मटण तेही आमच्याच ताटात. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी निघालं. जुन्या वाट्यात कलेजीचा तुकडा प्रत्येक घराला मोजून जायचा. घरात आल्यावर तो कुणाच्या ताटात पडायचा ते तुम्हाला माहीत आहे. आमच्या वस्तीवर गेल्या दोन कंदुऱ्यांत बायकांची एक पंगत पहिल्या पंगतीबरोबर बसली. भाकऱ्या कुणी वाढल्या विचाराल तर पोरांनी, आणि जरा करपलेल्या होत्या.

मुंबईत १९७१ पासून देवनारचा कत्तलखाना आहे. तिथं जनावर मारण्याआधी आणि मारल्यानंतर पशुवैद्यक तपासतात. आमच्या बाजाराच्या गावात असं कुणी नाही. टपरीवर सकाळी टांगलेलं असतं, ते कुठून आलं विचारलं तर हसतात. म्हणून आमचा गट सणाला पुन्हा वाटे घालतो. बकरं गटातल्याच बाईकडून घेतो, आदल्या संध्याकाळी दोघी जणी जाऊन ते चरताना बघून येतो.

मुलाणीचाचांचा नातू आता तालुक्याला दुकान चालवतो, पण वाट्याच्या दिवशी पहाटे आमच्याकडं येतो. मागच्या धुळवडीला त्यानं बकऱ्याच्या पापण्या वर करून बघितल्या, पोटावरून हात फिरवला आणि ज्यांच्या दावणीचं ते होतं त्या काकींना विचारलं, "रात्री रवंथ करत होतं का, काकी?" काकी म्हणाल्या, "करत होतं." मग त्यानं पाण्याची बादली मागितली.